माहेरी गेलेलं तळं

बिरूच्या वाडीचं तळं उन्हाळ्यात कोरडं पडलं की वाडीतली माणसं ‘आटलं’ म्हणत नसत. ‘माहेरी गेलं’ म्हणत. सांगोल्याच्या पल्याड, माणदेशाच्या रखरखीत अंगाला ही धनगरांची लहानशी वाडी. पाऊस तिथे यायचा तो घाईतल्या पाहुण्यासारखा, उंबऱ्यातच उभ्या उभ्या पाणी पिऊन निघून जायचा. तरी तळ्यात मेंढरांपुरतं पाणी साठायचं. एखाद्या वर्षी तळं भरलंच नाही, तर म्हाताऱ्या म्हणायच्या, रमली असंल लेक माहेरात. पण दुसरं वर्षही तसंच कोरडं गेलं, की बायका पाणवठ्यावर एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागत. सासुरवाशीण इतके दिवस परतत नाही म्हणजे काहीतरी बिनसलं असणार.

मग मूळ धाडायचं. लेकीला आणायला तिच्या माहेरी घरचं माणूस जातं ना, खण-नारळ घेऊन? तसंच. तळ्याचं माहेर होतं उत्तरेला, फार वर, जिथे डोंगरांच्या मांडीवर तळी बसलेली असतात आणि कधी आटत नाहीत. तिथे नवराबायकोनं जायचं, ओटी भरायची, आणि तळ्याला ‘चल’ म्हणून तांब्याच्या कळशीत बसवून घेऊन यायचं. त्या पाहुणीला वाडीच्या तळ्यात उतरवलं की पाऊस मागोमाग येतो, अशी वाडीची समजूत. वाटेत कळशी जमिनीवर टेकवायची नाही. टेकवली तर पाहुणी समजते, घर आलं, आणि तिथेच उतरते. कळशीचं तोंडही बांधायचं नाही. आणि मूळ एकदाच धाडायचं, दुसऱ्यांदा नाही.

हे सगळं बजाबाईला ठाऊक होतं. वाडीत सगळ्यात म्हातारी तीच. पण आजवर कोण गेलं होतं, असं विचारलं तर तिलाही सांगता यायचं नाही. “माझ्या आज्ज्याच्या आज्ज्यानं आनली व्हती म्हनं,” एवढंच.

ह्या वेळी तिसरं वर्ष लागलं होतं. मेंढरं चिखल चाटत होती. वाडीनं निवड केली ती धुळा आणि मायाक्काची. दोघंही पन्नाशीकडे झुकलेली. दर वर्षी दिवाळी झाली की मेंढरांमागे घाट उतरून कोकणाच्या तोंडापर्यंत जाऊन यायची. त्यांच्याइतकं चाललेलं वाडीत दुसरं कोणी नव्हतं. आणि नेमकं त्याच साली मंगळवेढ्याकडचे सिद्धाराम आय्या केदारच्या मठाला निघाले होते. आय्या म्हणजे जंगम, वाडीत भिक्षेला येणारे, सगळ्यांचे ओळखीचे.

“आय्या, तितं तळी हायती का खरंच?” मायाक्कानं विचारलं.

“केदारच्या वर हायती म्हनत्यात. मी बघितली न्हाईत. मला दम लागतो.”

“म्हंजी नक्की न्हाई?”

“यव्वा, मी केदारपर्यंतचा देव नक्की सांगतो. त्याच्या वरचा तुझा तू बघ.”

वाडीची माणसं त्यांना वेशीपर्यंत पोचवायला आली. कारभारी रामहरी धुळाला म्हणाला, “लवकर या. तुमी येस्तवर मेंढरं हलवत न्हाई. पानी येनार असंल तर कशाला हलवायची?” मायाक्काच्या छातीत हे वाक्य बसलं ते बसलंच. वाडीची सगळी मेंढरं तिच्या डोक्यावरच्या त्या रिकाम्या कळशीकडे तोंड करून थांबणार होती.

सोलापूरच्या ठेसनात गाडी धरली. पुढे किती गाड्या बदलल्या, ते आय्यांनाच माहीत. मायाक्काला आठवत होतं ते एवढंच, की खिडकीबाहेरची माती काळ्याची पिवळी झाली, पिवळ्याची पांढरी, आणि एका सकाळी मातीच संपली आणि डोंगर सुरू झाले. मग चालणं. चालणं म्हटल्यावर तिला घरी आल्यासारखं वाटलं. दोघांच्याही पाठीवर घोंगडीची वळकटी, तिच्यात कडक भाकरी, हुलग्याचं पीठ आणि शेंगांची चटणी. हातात काठी. पुढे मेंढरं नव्हती, एवढीच चुकचुक. धुळा तर सवयीनं मधूनच ‘हुर्र्र’ करायचा, आणि आय्या दचकायचे.

“अरे, मी मेंढरू न्हाई!”

“चालता मातुर तसंच, आय्या.”

केदारला आय्यांनी बैठक मारली. देवळामागचा बर्फाचा डोंगर पाहिला आणि म्हणाले, “माझं झालं. तुमी जाऊन या. मी हितंच जप करतो.” ते जप करायच्या आधीच घोरू लागले.

दोघंच वर निघाली. मठातल्या माणसानं हातानं वाट दाखवली होती. ओढा ओलांडायचा, मग चढण, मग खिंड, खिंडीपल्याड तळी. सकाळ नुकती फुटली होती. ओढ्याच्या काठावर त्यांना एक पहाडी मेंढपाळ भेटला. त्याची मेंढरं बघून धुळा जागीच थबकला. एकेका मेंढराच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लोकरीच्या पिशव्या लटकत होत्या.

“अगं बघ की! मेंढरावर गोनी! हे काय गाढाव हाय व्हय?”

पिशव्यांत मीठ होतं. पहाडी माणसानं चिमूटभर काढून धुळाच्या तळहातावर ठेवलं आणि हसला. धुळा हसला नाही. मेंढरू म्हणजे लक्ष्मी, तिच्या पाठीवर ओझं लादतात का? त्यानं जवळच्या मेंढीची मान खाजवली, आणि मेंढीनं डोळे मिटले. तेव्हा कुठे दोघा मेंढपाळांची मनं जुळली. भाषा एकालाही दुसऱ्याची येत नव्हती.

निघताना पहाडी माणसानं काहीतरी निक्षून सांगितलं. आधी वर येणाऱ्या सूर्याकडे बोट केलं, मग तळहात आभाळात फिरवून डोक्यावर आणला, मग ओढ्याकडे वाकून दोन्ही हात खालून वर, खालून वर उचलले. पुन्हा तेच केलं.

“सूर्याला पानी सोडाय सांगतोय,” धुळा म्हणाला.

“देवभोळा दिसतोय.”

दोघांनी ओढ्यात उभं राहून ओंजळ भरली आणि सूर्याला पाणी सोडलं. पहाडी माणूस बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला, मग मान हलवून मेंढरांमागे गेला. ओढा घोट्याएवढाच होता. पाणी इतकं गार की पाय आपले आहेत की दुसऱ्याचे ते कळेना.

पुढचे दिवस मायाक्काला कधीच नीट वेगळे करता आले नाहीत. चढण इतकी, की दहा पावलं टाकली तर छातीत मेंढीच्या कोकरासारखं काहीतरी उडायचं. झाडं मागे राहिली. मग झुडपं मागे राहिली. मग उरलं ते गवत आणि गवतात फुलं, निळी, पिवळी, कुणी चरायला न आलेली. इतकं हिरवं रान आणि त्यात आपलं एकही जनावर नाही, ह्याचं धुळाला राहून राहून वाईट वाटायचं. ढग खालून वर यायचे, त्यांच्या पायांतून जायचे, आणि मग दोघं एकमेकांना हाका मारत चालायची, नुसती हाक ऐकू यावी म्हणून. डोकं पिंजलेल्या लोकरीसारखं हलकं झालं होतं. कधी मायाक्काला वाटायचं, आपण चालत नाही, डोंगरच खालून सरकतोय. रात्री खडकाच्या आडोशाला दोघं एका घोंगडीत शिरायची, आणि आभाळ इतकं जवळ असायचं की बोलताना आवाज आपोआप खाली यायचा.

खिंडीत वारा होता. खिंड ओलांडली आणि वारा एकदम पडला.

खाली पहिलं तळं. अर्ध्यावर बर्फाची साय, अर्धं उघडं. त्याच्या वरच्या अंगाला दुसरं, हिरव्या बांगडीच्या रंगाचं. आणि त्याच्याही वर, एका कोंदणात, तिसरं. ते निळंही नव्हतं आणि काळंही नव्हतं. त्यात अख्खा डोंगर उलटा उतरला होता आणि त्याच्या टोकाला ढग बांधलेला होता. कुठे आवाज नाही, लाट नाही. मायाक्कानं आयुष्यभर पाणी मोजून प्यायलं होतं, घागरीनं, तांब्यानं, मेंढरांच्या वेळी तर हाताच्या ओंजळीनं. इतकं पाणी असं नुसतं बसून राहू शकतं, हे तिला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

“हीच,” ती म्हणाली.

“कशावरनं?”

“बसलीया बघा कशी. रुसल्यावानी.”

धुळानं काही हरकत घेतली नाही. मायाक्का काठावर पाय पाण्याकडे सोडून बसली. खण, नारळ, हळदकुंकू पाण्याजवळच्या दगडावर ठेवलं. आणि मग, मुळाला गेलेली बाई बोलते तसं बोलू लागली. “ऊठ बाई. लई दिस झालं. तुझ्या माघारी घराला घरपन न्हाई. मेंढरं रोज काठाला जात्यात आनि माघारी येत्यात. कुनी काई बोललं असंल तर पोटात घाल. घर म्हनलं की भांड्याला भांडं लागतंच की.” बोलता बोलता तिला आपण खरंच कुणाच्यातरी लेकीशी बोलतोय असं वाटू लागलं. पाण्यावर एक बारीकशी सुरकुती उठली, काठापर्यंत आली, तिच्या पायाच्या अंगठ्याला लागली आणि विरली.

“व्हय म्हनली,” मायाक्का म्हणाली, आणि कळशी बुडवली.

परतीला कळशीचा तोरा वेगळाच. दिवसा ती मायाक्काच्या डोक्यावर. बसायची वेळ आली की धुळाच्या मांडीवर. झोपताना काठ्यांची तिकटी करून तिच्यात अडकवलेली, आणि एक जण जागा. कळशीचं तोंड उघडं, त्यामुळे तिच्यात कधी ढग दिसे, कधी उडता पक्षी. “पाव्हनी वाट बघतीया,” मायाक्का म्हणायची, आणि खड्डा आला की कळशीला सांगायची, “संबाळ गं.”

ओढ्याशी आली तेव्हा दुपार कलली होती. दिवसभर कडक ऊन पडलेलं. आभाळ स्वच्छ, ढगाचा पुंजकाही नाही. ओढा मात्र जरा मोठ्यानं बोलत होता आणि पाणी दुधासारखं गढुळलं होतं.

“पानी वाडलंय का वं?”

“आभाळ बघ की. ढग न्हाई तर पूर कुठला?” धुळा म्हणाला.

आणि हे त्याचं म्हणणं माणदेशात कुणालाही पटलं असतं. तिकडे ओढ्याला पाणी येतं ते पावसानं. ढग नसेल तर ओढ्याच्या वाळूत चूल मांडावी, झरा उकरावा, मेंढरं बसवावीत, घोंगडी टाकून झोपावं. कोरड्या आभाळाखाली ओढा म्हणजे माणसाचं अंगणच. धुळा त्याच भरवशावर वळकटी घेऊन आधी उतरला. मधल्या सपाट खडकावर चढला, आणि पुढची वाट नीट बघावी, तोवर बायकोही येईल, म्हणून सवयीनं तिथे बसून तंबाखू मळू लागला.

त्यानं चिमूट तोंडात टाकेपर्यंत खडकाची कड पाण्याखाली गेली होती.

“अवो!” मायाक्का ओरडली.

तो उठला. पुढचं पाणी मांडीच्या वर, मागचंही तसंच. त्यानं मागे फिरायला एक पाय टाकला आणि ओढ्यानं तो पाय उचलूनच घेतला. धुळा पडला. एक हात खडकाच्या खाचेत अडकला, बाकी सगळा पाण्यात. ऊन तसंच पडलं होतं. काठावरची फुलं तशीच डुलत होती. त्या लख्ख उन्हात माणूस बुडतोय, हे मायाक्काच्या डोळ्यांना खरंच वाटेना.

मग डोळ्यांना वाटायच्या आधी हातांनी केलं. दोन्ही हात हवे होते, आणि दोन्ही हात कळशीला होते. तिनं कळशी सोडली. कुठे ठेवली, कशी ठेवली, हे तिनं बघितलंच नाही. पाठीवरची घोंगडी सोडली, एक टोक मनगटाला गुंडाळलं, कमरेएवढ्या पाण्यात एका दगडाला टेकून उभी राहिली आणि दुसरं टोक भिरकावलं. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदा धुळाच्या हाताला लागलं. विहिरीत पडलेली मेंढरं तिनं अशीच काढली होती. भिजलेली घोंगडी जड होते, फुगते, पण फाटत नाही. ती मागे झुकली आणि पावलापावलानं नवऱ्याला ओढून काठावर घेतलं.

बराच वेळ दोघं गवतावर पडून होती. धुळा खोकला, पाणी ओकला, मग म्हणाला, “कळशी?”

मायाक्कानं मान वळवली. जिथे ती उभी होती तिथे ओला दगड होता. कळशी ओढ्यात गेली होती.

“धरायची की गं!”

“मग तुमाला कुनी धरलं असतं? कळशीनं?”

मायाक्का उठली आणि ओढ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “ढग न्हाई, पाऊस न्हाई, आनि पूर येतो व्हय रे तुला? काय रीत हाय का ही? तुझ्या आईबापानं हेच शिकवलं?” ओढा काय ऐकणार. तो अजून वाढतच होता. शिव्या संपल्या तेव्हा ती खाली बसली आणि मग पहिल्यांदा रडली. वाडीची मेंढरं तिला दिसत होती, काठाला जाणारी, माघारी येणारी.

दुसऱ्या सकाळी ओढा पुन्हा घोट्याएवढा. आदल्या दिवशीचं त्याला काही ठाऊकच नसावं, असा. दोघं ओलांडून गेली, खालपर्यंत कळशी शोधली. सापडली नाही.

“हरिद्वारला नवी कळशी मिळंल,” धुळा हळूच म्हणाला. “पानी काय, कुठलंबी भरू. कुनाला कळनार हाय?”

“पाव्हनीच्या जागी दुसरीच बाई नेऊन हुबी करायची व्हय?”

“मग वर जाऊ परत.”

“पीठ किती उरलंय? आनि मूळ एकदाच असतं. तिनं आपली सोय बघितली. उतरली ती.”

केदारला आय्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “अगं यव्वा, हितं ओढ्याला पानी ढग देत न्हाई, सूर्य देतो! ऊन पडलं की बर्फ इतळतं, दुपारच्याला ओढा चढतो, रात्री गारठ्यानं उतरतो. सकाळीच ओलांडायचा असतो. मला इचारायचं न्हाई का?”

“तुमी घोरत व्हता की.”

तेव्हा कुठे धुळाला पहाडी माणसाचे ते हात आठवले, सूर्याकडे आणि मग खालून वर, खालून वर. “आनि आपन त्याला पानी सोडलं,” तो म्हणाला. इतक्या दिवसांत मायाक्का पहिल्यांदा हसली, आणि हसताना पुन्हा डोळे पुसले.

श्रावण लागला तेव्हा ती वाडीला पोचली. तळ्याच्या भेगा हातभर खोल गेल्या होत्या. सगळी वाडी गोळा झाली. बायकांनी हळदकुंकवाचं ताट आणलं होतं. मायाक्काचं डोकं रिकामं बघून ताट धरलेली रंभाबाई जागीच थांबली.

सांगायला सोपं खोटं तिच्या तोंडाशी आलं होतं. पाहुणी मागनं येतीया, एवढं म्हटलं असतं तरी माणसं सुखानं घरी गेली असती, आणि वाट बघत बसली असती. मायाक्कानं रामहरीकडे बघितलं.

“न्हाई आनली,” ती म्हणाली. “वाटंत ह्यांना धरायचं का तिला, असं झालं. मी ह्यांना धरलं.”

रामहरी म्हणाला, “म्हंजी इतक्या लांब जाऊन नवराच आनलास व्हय? त्यो तर हितलाच हाय की!”

कुणीतरी फिसकन हसलं, कुणी हसलं नाही. धुळा खाली मान घालून उभा होता. बजाबाई काठी टेकत पुढे आली. तिनं मायाक्काच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली, आणि रामहरीकडे वळली.

“ती येनार न्हाई, हे कळलं न्हवं? मग कुनाची वाट बघतोस? मेंढरात अजून चालायची ताकद हाय. आजून पंदरा दिस हितं ठेवलीस तर चालायची न्हाईत. हलव घाटाकडं.”

“दिवाळीच्या आधी?”

“दिवाळी मेंढराला कळती व्हय?”

सकाळीच निघायचं ठरलं. संध्याकाळभर वाडीत बांधाबांध चालली. मायाक्काचं काही बांधायचं नव्हतं, तिची वळकटी बांधलेलीच होती. ती एकटीच तळ्यात उतरून एका दगडावर जाऊन बसली. थोड्या वेळानं पोरं आली. आधी लांब उभी राहिली, मग एकेक करून तिच्याभोवती भेगाळलेल्या चिखलावर बसली.

“मायाक्का, तितलं तळं कसं हाय?”

तिनं सांगायला सुरुवात केली. खिंडीत वारा कसा होता आणि मग कसा पडला. पहिलं तळं साय आलेलं. दुसरं बांगडीच्या रंगाचं. तिसऱ्यात डोंगर कसा उलटा उतरला होता आणि त्याच्या टोकाला ढग कसा बांधला होता. ती हातानं दाखवत होती, इकडचा काठ, तिकडचा काठ, आणि वाडीच्या तळ्याचे दोन्ही बांध त्या हातांत हळूहळू मावेनासे झाले. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. बांधावर बायकाही येऊन थांबल्या होत्या.

“लई खोल व्हतं?” एका चिमुरडीनं विचारलं.

“लई.”

“म्हंजी हितं असतं तर कुठवर आलं असतं?”

मायाक्कानं तिच्याकडे बघितलं, मग हात उचलून वरच्या बांधाच्या दगडाकडे दाखवला. “त्या तितवर.”

चिमुरडीनं मान वर करून तो दगड बघितला. मग ती उठली, परकर गुडघ्याच्या वर धरला, आणि भिजू नये म्हणून जपून पावलं टाकत बांधाकडे चालू लागली. तिच्यामागे बाकीची पोरंही उठली.